दोन ते चारची फोनलाइन

‘मॅडम, वेब डिझायनिंगला अजून स्कोप आहे का हो?’ हा प्रश्न मला सारखा कुणीतरी विचारत असतं. विचारणारी मुलं कराड, लातूर, जळगावकडची असतात. पुण्यात कॉट बेसिसवर राहून यूआय-यूएक्सचा तीन-चार महिन्यांचा कोर्स केलेला असतो आणि घरून आणलेले पैसे संपत आलेले असतात. अशा वेळी उगाच धीर देणं किंवा उगाच घाबरवणं, दोन्ही मला जमत नाही. उत्तर शोधताना मला कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीतले प्रेसवाले काका आठवतात, कारण माझ्या पोटापाण्याची सोय त्यांनी करून दिली.

काका मूळचे कंपोझिटर. छपाईचे खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. केसमधलं प्रत्येक अक्षराचं घर हाताला पाठ. मग ऑफसेट आलं, पाठोपाठ डीटीपी आलं आणि खिळे किलोच्या भावाने भंगारात गेले. त्यांच्या बरोबरीचे कितीतरी कंपोझिटर तेव्हा घरी बसले. काकांनी कर्ज काढून कॉम्प्युटर घेतला, त्यावर पेजमेकर आणि श्रीलिपी टाकून घेतलं आणि मराठी टायपिंगची परीक्षा पास झालेली मुलगी म्हणून मला कामावर ठेवलं.

त्यांचा एक नियम होता. मजकूर आधी मोठ्याने वाचून दाखवायचा, मगच की-बोर्डला हात लावायचा. लग्नपत्रिका असली तरी. मी एकदा सुंदर वळणदार अक्षरांत कुलदेवतेचं नाव, वरती गणपती, चारी बाजूंनी वेलबुट्टी अशी पत्रिका करून त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी चष्मा काढून बाजूला ठेवला आणि पत्रिका हातभर लांब धरली. म्हणाले, ‘लग्न किती तारखेला आहे, सांग बघू मला. कार्यालय कुठलं? लोकं एसटीत बसून पत्ता बघतात पोरी, त्यांच्यासाठी लाव.’ दुसरं त्यांचं लक्ष ओळींमधल्या अंतरावर. खिळ्यांच्या काळात ओळींमध्ये शिशाच्या पट्ट्या, म्हणजे लेड, घालत. ती सवय त्यांच्या डोळ्यांत राहिली होती. ‘खालच्या वेलांटीचं डोकं वरच्या उकाराला आपटू देऊ नकोस,’ असं ते रोज एकदा तरी म्हणत.

इंटरनेट आलं तेव्हा प्रेसमध्ये एकच फोन होता. मोडेम लावला की फोन एंगेज. मला वेबपेज कशी करतात ते शिकायचं होतं आणि कोल्हापुरात तेव्हाच्या क्लासची फी मला झेपणारी नव्हती. काकांनी दुपारी दोन ते चार फोनलाइन मला दिली. त्या दोन तासांत गिऱ्हाइकाचा फोन लागायचा नाही, कामं शेजारच्या प्रेसला जायची, वर महिन्याचं बिल फुगायचं. काकू एकदा त्यावरून बोलल्याही. काका एवढंच म्हणाले, ‘माझे खिळे गेले तेव्हा मला पुढचं काय ते दाखवणारं कुणी नव्हतं. हिला तरी बघू दे.’ एक धंदा डोळ्यांदेखत बुडालेला माणूस दुसऱ्याला त्याच्या पुढच्या धंद्यासाठी स्वतःची लाइन मोकळी करून देतो, यातलं मोठेपण मला त्या वयात पुरतं कळलं नव्हतं. आज आमच्या डिझाइन स्टुडिओतला पगार माझ्या हातून होतो, तेव्हा कळतं.

पुण्याला मुलाखतीसाठी निघाले तेव्हा दाखवायला माझ्याकडे एकही वेबसाइट नव्हती. काकांनी छापलेल्या नमुन्यांची फाइल करून दिली. मुलाखत घेणाऱ्यांनी पत्रिका भराभर उलटल्या आणि एका पतसंस्थेच्या वार्षिक अहवालापाशी थांबले. ताळेबंदाची दोन पानं, आकडे एकाखाली एक, बेरजेची रेघ जिथल्या तिथे. ‘हे तुम्ही लावलंय?’ म्हणाले. तेव्हा वेबपेजची मांडणीही टेबलातच करत. नोकरी मिळाली. पुढे फोनबिलाचे पैसे द्यायला गेले तर काकांनी ते संकोच न करता घेतले, मोजले आणि माझ्या जागी आलेल्या मुलीसाठी सेकंडहँड मॉनिटर आणला.

त्यानंतर हत्यारं बदलतच गेली. टेबलं जाऊन सीएसएसची मांडणी आली. फ्लॅशच्या जोरावर कितीतरी जणांची घरं चालत होती; ते आधी मोबाइलवर चालेना आणि २०२० च्या अखेरीस ॲडोबीने त्याला कायमचा रामराम ठोकला. २०१० मध्ये ईथन मार्कॉट यांनी रिस्पॉन्सिव्ह डिझाइनची कल्पना मांडली आणि एकच पान मोबाइलपासून मोठ्या पडद्यापर्यंत बसवणं हे रोजचं काम झालं. फिग्मा आलं, फोटोशॉपमधली कापाकापी संपली. दर वेळी कुणी ना कुणी म्हणालं की आता या धंद्यात राम राहिला नाही. जे फक्त हत्यार शिकले होते त्यांच्यासाठी ते खरंही ठरलं.

दुसरं ऋण आहे ते एका बँकेतल्या टेलिफोन ऑपरेटरचं. ते जन्मापासून अंध. बँकेची जुनी साइट नवी करायचं काम आमच्याकडे आलं होतं, आणि तिथल्या अधिकाऱ्यांनी सहज सुचवलं की यांनाही एकदा विचारा. त्यांनी माझ्यासाठी खुर्ची ओढली आणि एनव्हीडीए हा पडदा वाचून दाखवणारा मोफत प्रोग्राम चालू केला. यंत्राचा आवाज इतका भरधाव की मला शब्द पकडता येईनात. त्यांनी वेग कमी केला. ‘ग्राफिक. लिंक. लिंक. ग्राफिक.’ मग एका फाइलचं नाव, अक्षर-आकड्यांसकट. ‘ठेवींचे व्याजदर इथेच आहेत ना, ताई?’ त्यांनी विचारलं. होते. तक्ता चित्र म्हणून चिकटवलेला होता. मराठी फाँट दुसऱ्याच्या मशीनवर कचरा दिसतो म्हणून मजकुराचं चित्र करून लावायची तेव्हा सगळीकडे रीतच होती. ज्या बँकेचे फोन हा माणूस दिवसभर जोडून देत होता, तिचे व्याजदर त्याला शेजाऱ्याला विचारावे लागत होते. आम्ही सगळा मजकूर युनिकोडमध्ये नव्याने टाइप केला. प्रत्येक पान तयार झालं की ते कानाने तपासत आणि मी शेजारी वही घेऊन बसे. एक पैसा घेतला नाही त्यांनी.

म्हणून मुलांना मी जे सांगते ते या दोघांच्या शिकवणीवर उभं आहे. पाच पानांची साधी साइट करून देणारा, एवढ्या ओळखीवर आता नोकरी मिळणं कठीण आहे. तयार टेम्प्लेटांनी ते काम आधीच नेलं होतं, राहिलेलं एआय काही मिनिटांत उरकतं. जाहिरातींत ‘वेब डिझायनर’ हे पदही कमी दिसतं. प्रॉडक्ट डिझायनर, यूएक्स, फ्रंट-एंड अशा नावांखाली ते विखुरलंय. पण वापरणाऱ्याची अडचण ओळखून ती दूर करणाऱ्या माणसाचं काम वाढतंय. ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवला. ॲसिड हल्ल्यात डोळ्यांना गंभीर इजा झालेल्या स्त्रीला केवायसीसाठी कॅमेऱ्यासमोर पापणी मिटायला सांगणारी पद्धत त्या खटल्याच्या मुळाशी होती. त्याच वर्षी २८ जूनपासून युरोपात सुगम्यतेचा कायदा लागू झाला, आणि तिथल्या ग्राहकांची कामं करणाऱ्या पुण्यातल्या कंपन्यांना हे जाणणारी माणसं हवी आहेत. मराठीचं तर रान मोकळं आहे. इंग्रजीसाठी आखलेल्या साच्यात देवनागरी ओतली की वेलांट्या कापल्या जातात आणि अक्षरांत अंतर वाढवलं की शिरोरेघ तुटते. मुक्तासारखे चांगले फाँट फुकट मिळतात, पण ओळींमध्ये हवा किती ठेवायची ते माणसालाच बघावं लागतं.

गेल्या वर्षी आम्ही लातूरकडची एक मुलगी घेतली. बाकीच्या अर्जांमध्ये तीच ती जेवण मागवायची ॲपं नव्याने रंगवलेली होती. हिने वडिलांच्या कृषी सेवा केंद्रासाठी खतं-बियाण्यांच्या भावाचं एक पान केलं होतं. ते भर उन्हात, दुकानाच्या पायरीवर, काच तडकलेल्या मोबाइलवर वडिलांकडून वाचून घेतलं. फिकट करडी अक्षरं त्यांना दिसेनात, म्हणून तिने गडद केली. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यात किमान ४.५ला १ इतका फरक हवा, हा नियम तिला नंतर सापडला. मुलाखतीत तिने हे सगळं सांगितलं आणि मी लगेच हो म्हटलं.

बँकेतले ते गृहस्थ आता निवृत्त झालेत, तरी कुठल्या साइटवर अडले की मला फोन करतात. परवा एका तिकिटाच्या ॲपवर शेवटी नुसतं ‘बटण’ ऐकू येत होतं, कशाचं ते कळत नव्हतं. मी फोन त्या लातूरकडच्या मुलीकडे दिला. तिने वही ओढली आणि विचारलं, ‘सर, त्याच्या आधी काय ऐकू आलं?’