गोठ्यापुढचं शेत

पितळी परात, तळाशी वाडीतली माती आणि वर रात्रभर भिजवलेला गहू. वसईतल्या त्या घरात नाताळची चाहूल लागायची ती या परातीने. चांदणी, करंज्या, नवे कपडे सगळं मागून. 13 डिसेंबरच्या आसपास आजी गहू पेरायची, वर ओलं फडकं टाकायची आणि परात काळोख्या कोपऱ्यात सरकवायची. नाताळच्या आदल्या संध्याकाळी वीतभर वाढलेलं ते शेत गोठ्यापुढे यायचं. बाळ येशूच्या गव्हाणीसमोर हिरवं काही हवं, एवढंच कारण नातीला ठाऊक होतं.

नात आठ वर्षांची होती तेव्हा तिला धीर निघेना. आगमनकाळाच्या पहिल्याच रविवारी तिने पत्र्याच्या डब्यात गुपचूप आपला गहू पेरला. आजीचा गहू उगवला तेव्हा तिचं शेत त्याच्यापेक्षा कितीतरी उंच. नाताळपर्यंत मात्र पाती पिवळी पडून आडवी झाली. आजीने डबा फेकला नाही. गोठ्यातल्या मातीच्या बैलासमोर ठेवला आणि म्हणाली, “चारा झाला.”

वाट पाहण्याचंही एक मोजमाप असतं, हे तिला पुढे चर्चमध्ये उमगत गेलं. 30 नोव्हेंबर हा संत आंद्रेचा सण. त्याच्या सर्वांत जवळच्या रविवारी आगमनकाळ सुरू होतो. रविवार चार, पण दिवस कधी 28, तर कधी 2023 सालासारखे अवघे 22. धर्मगुरूंचा झगा जांभळा होतो, मिस्सेतलं गौरवगीत थांबतं. तिसऱ्या रविवारी गुलाबी रंग येतो, कारण निम्मी वाट सरलेली असते. हिरव्या पानांच्या चक्रात दर रविवारी एक मेणबत्ती वाढते. या चक्राची सुरुवात 1839 सालची. हॅम्बुर्गमध्ये निराधार मुलांना सांभाळणाऱ्या योहान हिनरिख विखर्न यांनी गाडीच्या जुन्या चाकावर मेणबत्त्या लावल्या: रविवारच्या चार मोठ्या, इतर दिवसांच्या लहान. नाताळला किती दिवस उरले, हे मुलांना रोज डोळ्यांनी दिसावं म्हणून.

मराठीतलं ‘ख्रिस्तपुराण’ही असंच थांबायला लावतं. फादर थॉमस स्टीफन्स यांचा हा ओवीबद्ध ग्रंथ 1616 साली गोव्यात राचोलला छापला गेला. त्याचं पहिलं पुराण सगळं जुन्या कराराचं. सृष्टीची उत्पत्ती, राजे, संदेष्टे यांची वाट तुडवल्यावर दुसऱ्या पुराणात वाचक बेथलेहेमला पोचतो.

घरात या दिवसांत हातांना उसंत नसायची. भिंतींना चुना लागे. शेजारणी जमून करंज्या भरत. मुलं पिठाच्या गोळ्या कंगव्यावर दाबून कलकल वळत. पहिली ताटं झाकून बाहेर जायची ती दिवाळीत ज्यांच्याकडून फराळ आला त्या घरी.

एक काम आजी कुणावर सोपवत नसे. भिजवलेल्या गव्हातला निम्मा गहू रुमालात बांधून ती थोरल्या जावेकडे जायची. बांधावरून दोघींचं बोलणं वर्षानुवर्षं बंद. आजी ओट्यावर रुमाल ठेवायची, “वेळ झाली पेरायची,” म्हणायची आणि परतायची. मगच ती प्रायश्चित्ताच्या रांगेत उभी राहायची. बांध काही सरकला नाही. पण दरवर्षी जावेच्या गोठ्यापुढेही तेवढाच उंच गहू असायचा.

लग्नानंतर नात कुवेतला गेली. तिथल्या खोलीत वाडीतली माती कुठली? ताटलीत कापूस पसरून तिने गहू पेरला, तो उगवलाही. 13 डिसेंबर, संत लुसीच्या सणाला, क्रोएशियात आणि हंगेरीत घरोघरी असाच गहू पेरतात. फ्रान्सच्या प्रोव्हान्स भागात 4 डिसेंबरला, संत बार्बराच्या दिवशी. हे वाचलं तेव्हा तिला आजीची परात एकाएकी फार मोठी वाटली. संत फ्रान्सिसने 1223 साली ग्रेचोच्या डोंगरात खरा बैल, खरं गाढव आणि गवत आणून पहिला गोठा मांडला, तिथवर पोचणारी.

ती वसईला कायमची परतली तोवर वाडी विकली गेली होती. त्या व्यवहारापासून भावाशी बोलणं तुटलेलं. आगमनकाळात ती नेमाने चर्चला जाई, मेणबत्ती पेटताना पाही, घरी गहू पेरी. सगळा गहू एकाच परातीत. तीन वर्षं असंच चाललं. गोठ्यापुढचं शेत दाट यायचं, आणि त्याच्याकडे पाहताना तिला बरं वाटत नसे.

चौथ्या वर्षी तिने गहू भिजवला तो दुप्पट. सकाळी पाणी निथळून निम्मा रुमालात बांधला आणि भावाच्या इमारतीचा जिना चढली. भावजयीने दार उघडलं. भाऊ आतून आला, रुमालाकडे पाहत राहिला. गाठ आजीसारखीच मारलेली होती.

“माती आहे का घरात?” तिने विचारलं.

तो गॅलरीत गेला. तुळशीशेजारची रिकामी कुंडी उचलून आणली आणि ओल्या मातीत बोटं घालून ढेकळं फोडू लागला.