जुन्या तारांचा ठोका

मार्विन गेच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन'मधला बेस कान देऊन ऐकला की पहिला प्रश्न पडतो: ही बेस गिटार आहे की उभा, लाकडी डबल बेस? स्वर गोल उमटतो आणि लगेच विझतो. धातूची चकाकी जवळजवळ नाहीच.

वादकाचं नाव शोधावं लागत नाही. मोटाऊन कंपनीनं आपल्या स्टुडिओतल्या वादकांची नावं वर्षानुवर्षं वेष्टनावर छापलीच नव्हती. 1971च्या याच नावाच्या अल्बमवर मात्र जेम्स जेमरसनचं नाव आलं, तेही कौतुकाच्या विशेषणासह. त्याचं वाद्य होतं 1962चा फेंडर प्रिसिजन, लाडकं नाव 'फंक मशीन'. माझ्याकडचा बेस त्याच धाटणीचा. म्हटलं, रेकॉर्डसोबत वाजवून पाहू. स्वर जुळले, आवाज काही केल्या जुळेना. माझा बेस खणखणत होता, त्याचा धपधपत होता.

फरक तारांत होता. माझ्या तारा राउंडवाउंड, म्हणजे गोल तारेचे वेढे दिलेल्या आणि नव्याकोऱ्या. जेमरसनच्या ला बेला कंपनीच्या जाड फ्लॅटवाउंड, चपट्या पट्टीच्या वेढ्यांच्या. त्या तो तुटेपर्यंत बदलत नसे. बोटांचा घाम आणि मळ हाच आवाजातला मसाला, असा त्याचा हिशेब. ब्रिजच्या झाकणाखाली फोमचा तुकडा, तारा फळीपासून बऱ्याच उंच, आणि छेडायला उजव्या हाताची फक्त तर्जनी. तिला सहकाऱ्यांनी 'हुक' असं नाव दिलं होतं. ही सवय डबल बेसची. डेट्रॉइटच्या शाळेत तो आधी तेच वाद्य शिकला होता. म्हणजे डबल बेसचा भास होतो त्यात कानाचा दोष नाही. हात डबल बेसचाच होता, वाद्य तेवढं बदललं होतं. शिवाय मोटाऊनच्या डेट्रॉइटमधल्या स्टुडिओत बेसचा आवाज अँप्लिफायरपुढे माइक ठेवून घेतला जात नसे, तो थेट मिक्सिंगच्या टेबलात जाई. त्यामुळे खोलीचा घुमाराही नाही.

मी भांडी घासायच्या स्पंजचा तुकडा कापून ब्रिजपाशी तारांखाली दाबला. निम्मं अंतर तिथंच मिटलं. उरलेलं निम्मं त्या एका बोटाचं, आणि ते बाजारात मिळत नाही.

ट्यूनिंगचा शोध वेगळा: जेमरसनच्या तारा नेहमीच्याच सुरात होत्या की उतरवलेल्या? चार तारांचा बेस जाड तारेपासून ई, ए, डी, जी असा लावतात. मोकळी ई साधारण 41 हर्ट्‌झची. मोबाइलच्या स्पीकरला हा स्वर झेपतच नाही. आपण ऐकतो ते त्याचे वरचे उपस्वर, आणि मग स्वराचं नाव बरोबर ओळखूनही सप्तक चुकतं. म्हणून हेडफोन हवाच. गाणं ई मेजरमध्ये आहे, म्हणजे षड्ज सगळ्यात जाड मोकळ्या तारेवर आयताच मिळतो. तारा उतरवायचं कारणच नाही. दुसरा पुरावा मोकळ्या तारांचा. जेमरसन त्या सढळ हातानं वापरतो, अगदी जिथं इतर वादक बोट दाबतील तिथंही. डबल बेसवर मोकळी तार वाजते तेवढ्यात डाव्या हाताला जागा बदलता येते, ती ही युक्ती. ट्यूनिंग वेगळं असतं तर हे मोकळे स्वरही वेगळे निघाले असते. अर्थात फोममुळे मोकळी तारही फार वेळ वाजत नाही, त्यामुळे ती ओळखायला तोच तुकडा पुन्हा पुन्हा ऐकावा लागतो.

रेकॉर्डिंगच्या रात्री जेमरसननं जमिनीवर पडून वाजवलं, ही कथा बेसवादकांत फार प्रिय. खरी असो, रंगवलेली असो, ट्यूनिंगच्या तपासात तिचा काडीचा उपयोग नाही.

खरी गंमत त्याच अल्बमच्या शेवटी आहे. 'इनर सिटी ब्लूज'मध्ये बेस बॉब बॅबिटचा, आणि गाणं ई फ्लॅट मायनरमध्ये. नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये सगळ्यात खालचा स्वर ई. ई फ्लॅट त्याच्याही अर्धा स्वर खाली. मग तार उतरवली होती का? हेडफोन लावून मी ए तारेच्या सहाव्या फ्रेटवर बोट ठेवलं. तिथं ई फ्लॅट एक सप्तक वर मिळतो, आणि गाण्यातली मुख्य चाल याच जागेभोवती हाताला सहज सापडते. खुंटीला हात लावायची गरज पडली नाही.