वसईचा कोट

आमचे लामता सातपुड्याच्या रांगांत वसलेले. समुद्राची गाज आम्हांस केवळ ऐकून ठाऊक. गेल्या हिवाळ्यात गोंदियास मुंबईची गाडी धरून मी वसईस गेलो आणि तेथील कोट पाहण्याची माझी जुनी इच्छा पुरी झाली.

या कोटाचे वैशिष्ट्य असे की, एका किल्ल्याच्या पोटात दुसरा किल्ला आहे. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर पोर्टचेस्टर येथेही असेच आहे. तेथे रोमन लोकांनी तिसऱ्या शतकाच्या अखेरीस तट उभारला. सुमारे आठशे वर्षांनी नॉर्मन लोकांनी त्याच्या एका कोपऱ्यात आपला किल्ला बांधला आणि बाराव्या शतकात मठवासीयांनी दुसऱ्या कोपऱ्यात देऊळ बांधले. वसईस क्रम उलटा आहे. येथे लहान बालेकिल्ला आधी झाला आणि थोरला तट मागाहून त्याच्याभोवती आला.

१५३४ साली गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने तहान्वये वसई पोर्तुगिजांस दिली. बालेकिल्ल्याचे बांधकाम १५३६ सालचे. पुढे दहा बुरुजांचा तट उठला. एक दरवाजा जमिनीकडे, एक समुद्राकडे. आत वाडे, मठ आणि देवळे यांची दाटी झाली. संत फ्रान्सिस झेवियर येथे येऊन गेले. याच नगरात जन्मलेले गोन्सालो गार्सिया १५९७ साली जपानात नागासाकी येथे क्रुसावर हुतात्मा झाले व १८६२ साली संतपदास पोहोचले.

त्या वैभवास दुसरीही बाजू होती, ती लपविणे बरे नव्हे. पोर्तुगीज अमलात हिंदू प्रजेस धर्माच्या बाबतीत जाच सोसावा लागला. १७३९ साली चिमाजी आप्पांच्या सैन्याने कोटास वेढा घातला, सुरुंगांनी बुरूज फोडला आणि हजारोंचे रक्त सांडून मे महिन्यात वसई घेतली. देवळांच्या घंटा विजयचिन्हे म्हणून देशावर गेल्या. १७२१ साली ओतलेली त्यांतील एक आजही नाशिकच्या नारोशंकर मंदिरात आहे. मात्र तहाच्या कलमांत, मागे राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांस आपल्या धर्माप्रमाणे वागण्याची मोकळीक होती, हेही आपण विसरू नये.

छप्पर उडालेल्या एका देवळाच्या वेदीपाशी मी उभा राहिलो, तेव्हा मनात विलक्षण कालवाकालव झाली. शाळेत ज्या विजयाचा धडा छाती फुगवून म्हटला, त्याच विजयाने ही वेदी ओस पडली होती! मराठी म्हणून आनंद करावा की ख्रिस्ती म्हणून शोक? बराच वेळ मला उत्तर सुचेना.

उत्तर मिळाले ते कोटाबाहेर. सायंकाळी मी रेमेदी मातेच्या देवळात गेलो. केळीच्या बागांतून आलेली माणसे दाटीने बसली होती. मायबहिणी मराठीत प्रार्थना म्हणत होत्या. एका वृद्ध मावशीने सरकून मला जागा दिली व विचारले, “फादर, कुठल्या गावचे?” लामता हे नाव त्यांनी कधी ऐकले नव्हते; तरी “म्हणजे आपलेच,” असे त्या सहज म्हणाल्या.

तेव्हा उमगले की, तोफांच्या आश्रयाने उभे राहिलेले सारे तोफांबरोबर गेले. ज्या श्रद्धेने शेतकऱ्याच्या घरात मूळ धरले, ती तट पडल्यावरही टिकली, आणि तिला मराठी बोलण्यात कधी संकोच वाटला नाही. पोर्टचेस्टरचाही किल्ला ओस पडला आहे; पण त्या कोपऱ्यातील देवळात गावकऱ्यांची उपासना आजही चालते.

आपल्या गावी कोट नाही, बुरूज नाहीत. त्याची खंत न करता, सायंकाळी घरी दिवा लागल्यावर मुलांबाळांसह प्रार्थनेस बसावे. आपला तट तोच.