झोपाळ्याची फळी

सिमेंटचा बाक म्हटला की डोळ्यांसमोर एस.टी.चे स्थानक येते, नाहीतर देवळाचे आवार. आणि बाकाच्या पाठीवर 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ' ही अक्षरे! तेव्हा आमच्या दोन खोल्यांत तसला बाक येणार हे ऐकून सौभाग्यवतीने विचारले, "अहो, कुणाच्या स्मरणार्थ?" प्रश्न थट्टेचा होता, पण मला चटकन उत्तर देता येईना.

तीन वर्षांपूर्वी जुने घर पाडले, तेव्हा वाटणीवरून दादाचे आणि माझे बिनसले. कुणाचे किती चुकले तो हिशेब इथे मांडत नाही. माजघरातल्या झोपाळ्याची सागवानी फळी मात्र मी न विचारता उचलून आणली. वडील संध्याकाळी तिच्यावर बसून असत. पण नव्या घरात झोपाळा टांगायला तुळई कुठली? म्हणून फळीला सिमेंटचे दोन पाय करायचे ठरले.

सुताराने साचा केला, त्याला आतून तेल फासले. सिमेंट एक घमेले, वाळू दोन, बारीक खडी तीन. मधे सळया, कारण काँक्रीट भार सोसते, ताण सोसत नाही. ओतल्यावर साच्याला बाहेरून ठोकले की आतली हवा बुडबुडत वर येते. सिमेंट वाळून घट्ट होते, अशी माझी समजूत होती. छे! ते पाणी घेऊनच घट्ट होत जाते. सहामाहीचे पेपर तपासता तपासता आठवडाभर मी गोणपाटात गुंडाळलेल्या त्या पायांवर पाणी शिंपडत होतो.

ओल्या सिमेंटमध्येच फळी दाबून बसवावी, म्हणजे जन्मात हलणार नाही, असे मी आधी सुचवले होते. सुतार हसला. "गुरुजी, लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. लांबीत नाही फारसं, रुंदीत. सिमेंट काही त्याच्यासाठी सरकत नाही. घट्ट धराल तर फळी चिरेल."

त्याने पायांत बोल्ट उभे पुरले होते. फळीची भोके रुंदीच्या दिशेने लांबट पाडली, ओल वर चढू नये म्हणून मधे रबराची पट्टी घातली आणि चाकी बेताचीच आवळली. इतक्या वर्षांचे ते लाकूड अजून फुगते-आकसते, याचे मला नवल वाटले. कोपऱ्यांतली कड्यांची चार भोके तो खुंट्या मारून बुजवणार होता. तेवढे मी करू दिले नाही.

पाडव्याला दादा आला. सौभाग्यवतीने वहिनींना परस्पर फराळाचे बोलावणे धाडले होते! तो बाकावर बसला. बोलला काहीच नाही. त्याचे बोट कोपऱ्यातल्या भोकात गेले आणि नकळत पायाने त्याने जमिनीला रेटा दिला. बाक हलला नाही.

"झोपाळा हलत नाही रे तुझा," तो म्हणाला.

"हलतो. वर्षातून सूतभर."

दादा मोठ्याने हसला. मग त्याने शेजारची जागा हाताने झाडली आणि माझ्याकडे पाहिले.