सिंधिया नावाचा थांबा

बंगळुरूच्या इंदिरानगरला मामीकडे आलेल्या पार्सलवर तिच्या 'शिंदे'मध्ये 'डी'नंतर एक 'एच' जास्तीचा होता. इकडचे कितीतरी मराठे असंच लिहितात. कुणी सिंधे, कुणी थेट सिंधिया. कनकपुऱ्यातून वर्षानुवर्षं निवडून आलेले माजी मंत्री पी. जी. आर. सिंधिया ग्वाल्हेरचे नव्हेत, इथलेच. मला तो जास्तीचा 'एच' आवडतो. त्यात कानडी मुलखात काढलेल्या पिढ्या ऐकू येतात.

पण नजर अडली ती त्याखालच्या ओळीवर : एच. ए. एल. सेकंड स्टेज. इंदिरानगरचा हा भाग कागदोपत्री अजून विमानाच्या कारखान्याचं नाव लावतो. तो कारखाना १९४० साली म्हैसूर सरकारच्या साथीनं उभारला सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी. आणि वालचंद म्हटले की मला आधी बोट आठवते.

'एम्प्रेस ऑफ इंडिया' ही कॅनडाच्या कंपनीची बोट, व्हँकुव्हर ते हाँगकाँग पॅसिफिक ओलांडणारी. पहिलं महायुद्ध पेटलं तेव्हा ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी ती विकत घेतली, जखमी हिंदी सैनिकांसाठी तिचं इस्पितळ केलं. नाव ठेवलं 'लॉयल्टी'. युद्ध संपल्यावर वालचंद, नरोत्तम मोरारजी आणि त्यांच्या सोबत्यांनी ती शिंद्यांकडून घेतली आणि आपल्या नव्या कंपनीला त्यांचंच आडनाव दिलं, तेही इंग्रजांनी वळवलेलं : सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन. ५ एप्रिल १९१९ला 'लॉयल्टी' मुंबईहून लंडनला निघाली. गोऱ्या कंपन्यांच्या समुद्रात हिंदी मालकीची बोट! तो दिवस आज आपण राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतो. साताऱ्याकडच्या कण्हेरखेडचं, राणोजी शिंद्यांनी घोड्यावरून माळव्यात नेलेलं आडनाव असं भोंगा देत खाऱ्या पाण्यात शिरलं.

वालचंदांचं स्वतःचं आडनाव दोशी. इंदापूर तालुक्यात त्यांच्या साखर कारखान्याभोवती गाव वसलं, ते मात्र वालचंदनगर.

१९४१मध्ये सिंधिया कंपनीनं विशाखापट्टणमला गोदी बांधायला घेतली. १९४८ला तिथून 'जल उषा' पाण्यात उतरली. पुढे गोदी सरकारकडे गेली, तिचं हिंदुस्थान शिपयार्ड झालं. शेजारची वस्ती सिंधियाच राहिली. बसच्या पाटीवर तेलुगू अक्षरांत शिंदे! त्या बसनं शाळेत जाणाऱ्या एखाद्या पोराला मला कण्हेरखेड दाखवायचंय.