न भुंकणारा बासेंजी आणि आमचा हरण्या

परवा अमेरिकेहून नातीचा फोन आला. व्हिडिओवर तिने मांडीवरचे नवे पिल्लू दाखवले. तांबूस-पांढरे, ताठ कान, कपाळावर आठ्या आणि शेपटी जिलेबीसारखी वळलेली.

"आबा, हा बासेंजी. हा भुंकतच नाही!"

"मग सावद्याला पाठव. आमच्या गल्लीतली मंडळी आठवड्यात शिकवतील," मी म्हटले.

ती हसली, पण लगेच कुरकुरली, "हाक मारली तर ऐकतो, बघतो, आणि येत नाही. फार हट्टी आहे."

शिक्षकाची खोड जात नाही. फोन ठेवला आणि वाचत बसलो. बासेंजी मूळचा आफ्रिकेतल्या काँगोच्या जंगलातला, तिथल्या शिकाऱ्यांचा सोबती. भुंकत नाही म्हणून शिकारी त्याच्या गळ्यात घंटा बांधत. मुका मात्र नाही, लहर आली की गायल्यासारखा लांब सूर काढतो. मांजरासारखा स्वतःला चाटून स्वच्छ ठेवतो. १८९५ साली एक जोडी इंग्लंडला नेली, ती आजाराने दगावली. १९३७ साली तिथल्या प्रसिद्ध क्रफ्ट्स प्रदर्शनात तो लोकांना दिसला, तेव्हा कुठे त्याचा जम बसू लागला. आणि स्वभाव? हुशार, पण हुकमाचा ताबेदार नाही. आधी स्वतः विचार करणार, मग पटले तर येणार.

वाचता वाचता मला आमचा हरण्या आठवला.

हरण्या कारवानी जातीचा. हा आपल्या दख्खनचा शिकारी कुत्रा. लांब निमुळते तोंड, खोल छाती, आत गेलेले पोट, बारीक उंच पाय. वासापेक्षा नजरेवर शिकार करतो आणि सशामागे सुटला की डोळ्याला सापडत नाही. यालाच मुधोळ हाउंड असेही म्हणतात. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी त्याची पैदास जोपासली आणि इंग्लंडचे राजे पंचम जॉर्ज यांना एक जोडी भेट दिली. २००५ साली त्याचे टपाल तिकीट निघाले आणि २०१६ साली मेरठला लष्कराच्या प्रशिक्षण केंद्रातही तो दाखल झाला. आम्हाला यातले काही ठाऊक नव्हते. आमच्या लेखी तो धनगराचा कुत्रा.

१९६१ चा उन्हाळा असेल. मी अकरा वर्षांचा. रिकाम्या वावरात खतासाठी मेंढ्या बसवायला दूरचे एक धनगर कुटुंब आले होते. जाताना म्हाताऱ्याने नानांना हरणाच्या रंगाचे पिल्लू दिले आणि बजावले, "नाना, याला मारू नका. हा हात विसरत नाही."

वर्षभरात हरण्या कमरेएवढा झाला. परक्याने अंगाला हात लावलेला त्याला खपत नसे. चावत नसे, नुसता बाजूला सरके. एका दुपारी मित्रांपुढे ऐट करावी म्हणून मी त्याला हाक मारली. निंबाखाली बसून त्याने माझ्याकडे पाहिले आणि उठला नाही. मित्र हसले. मी तुराटी उचलली आणि दोन फटके दिले.

तो ओरडला नाही, गुरगुरलाही नाही. शांतपणे उठला आणि दूर बांधावर जाऊन बसला.

त्यानंतर सात वर्षे हरण्या आमच्या घरी होता. नानांच्या हातून भाकरी खायचा. मी टाकलेली भाकरी, मी तिथून गेल्यावरच. १९६८ साली तो गेला तेव्हा मी फैजपूरला कॉलेजात होतो. नानांनीच त्याला मळ्यात पुरले.

एवढे पाहूनही शहाणपण आले म्हणावे, तर नाही. मास्तर झाल्यावर एका वर्गात मागच्या बाकावर एक अबोल मुलगा होता. कविता पाठ असूनही विचारले की गप्प. एकदा इन्स्पेक्शन तोंडावर आले होते, माझा तोल गेला आणि मी त्याला थोबाडीत मारली. त्याने माझ्याकडे पाहिले. ती नजर मी निंबाखाली पाहिलेली होती. वर्षभर त्याच्या पेपरातली उत्तरे बिनचूक असत, पण माझ्याशी तो एक शब्द बोलला नाही. पुढे बऱ्याच वर्षांनी बाजारात भेटला, वाकून नमस्कार केला. माफी मागायची होती. मी मात्र केळीच्या भावाबद्दल बोललो आणि घरी आलो.

मुले विसरतात, असे आम्ही मास्तर लोक म्हणत असू. मला वाटते, ती आमची सोय होती.

काल नातीला फोन केला. म्हटले, "बेटा, तो येत नसेल तर तू जाऊन त्याच्याजवळ बैस. हात मात्र उगारू नकोस."

"आबा, तुम्हाला कसे माहीत?"

"आमच्याकडे एक होता," एवढेच म्हणालो. बाकीचे आज इथे लिहिले आहे. ती वाचेलच.