वाळूखालचे पाट

मोरोक्कोला जाणारे बहुतेक प्रवासी सहल कंपनीच्या गाडीतून वाळवंट गाठतात, उंटावर बसतात आणि परत फिरतात. तुम्ही शेतकऱ्याच्या घरचे. कधी योग आलाच तर आपण एसटीने हिंडतो तसे आपले आपण हिंडा.

सुरुवात माराकेशपासून करा. तांबूस मातीच्या भिंतींचे हे शहर अकराव्या शतकात वसले. संध्याकाळी जामा अल-फना चौकात जत्रा उसळते: रसवाले, गोष्टीवाले, ढोलवाले. जुन्या शहराच्या बोळांत वाट चुकणारच. 'पुढे रस्ता बंद आहे' म्हणत एखादा पोरगा पुढे चालू लागला, की शेवटी पैसे मागणार हे समजा. त्यापेक्षा दुकानदाराला विचारा. पुदिन्याचा चहा मात्र नाकारू नका. तो इतका गोड, की उसाच्या पट्ट्यातला माणूससुद्धा दचकेल!

मग सकाळची बस धरा. २२६० मीटर उंचीची तिश्का खिंड ओलांडली की मुलूख उघडाबोडका होत जातो. अंधारता अंधारता अर्फूद येते. बस पुढे मेर्झूगाच्या वाळूकडे जाते, पण तुम्ही इथेच उतरा.

दुसऱ्या दिवशी जॉर्फकडे जाणारी टॅक्सी घ्या. एकेका गाडीत सहा उतारू कोंबतात, तक्रार करू नका. वाटेत माळावर मातीच्या ढिगांच्या लांबच लांब रांगा दिसतील, जणू घुशींनी उकरल्यासारख्या. या खेत्तारा. वरच्या अंगाला, पाणी लागेल तिथे खोल विहीर खणायची आणि तिथून बेताच्या उताराचे भुयार थेट शेतापर्यंत आणायचे. ना मोट, ना इंजिन. पाणी आपल्या पायांनी चालत येते. ढीग आहेत ते माती काढायच्या आणि गाळ उपसायच्या विवरांचे. मलिक अंबरने औरंगाबादेत, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, सतराव्या शतकात नहर आणली तीही याच तत्त्वावर.

ज्याच्या घराण्याने खणायला जितके हात दिले, तितकी त्याची पाण्याची पाळी. वर खजूर, मध्ये डाळिंब नि अंजीर, खाली जव नि लसूणघास, अशी तीन मजली शेती त्यावर पिकली. खजुरात नर-मादी झाडे वेगळी. दर वसंतात माणूस वर चढून नराचा तुरा मादीच्या फुलोऱ्यात बांधतो. बाजारात महाग मिळणारा मेजूल खजूर इथलाच. १९२७ साली अमेरिकेने त्याचे ११ फुटवे नेले, ९ जगले. इथे मात्र बायूद नावाच्या मररोगाने लाखो झाडे गेली.

जॉर्फजवळच्या भुयारात पायऱ्या उतरून जाता येते. आत गारवा आहे, पाणी नाही. १९७१ साली वर झीझ नदीवर धरण झाले, पुढे दुष्काळ आले, आणि ऐपत होती त्यांनी खोल विहिरींवर पंप बसवले. शेजाऱ्याची खेत्तारा आटली. हे तुम्हाला वेगळे समजावून सांगायला नको.

मेर्झूगाला जरूर जा. तिथल्या टेकड्या दीडशे मीटरपर्यंत उंच आहेत, आणि रात्री अंगावर घोंगडी लागते. उंटाची सवारी माझ्या मते अर्धा तास पुरे. पहाटे जवळच्या हस्सी लाबिएद गावच्या मळ्यात चक्कर मारा. वाळूच्या अगदी पायथ्याशी पाट आहेत. आज पाळी कोणाची, ते हातात फावडे असलेल्या माणसाला विचारा.